एका धुराखाली

१

ग्रीसेनआउच्या गढीत जेवण वरून सुरू व्हायचं.

चर्चची दुपारची घंटा झाली की हेझिका स्वयंपाकीण मोठी लाकडी परात दोन्ही हातांनी सांभाळत दालनात यायची. परातीत सातूची पेज, वर खारवलेल्या डुकराच्या चरबीचे तुकडे, आणि काखेत गाडीच्या चाकाच्या तुंब्याएवढा काळा पाव. परात टेबलावर ठेवायची नाही, असा नियम. ती नव्या सुनेच्या सासूबाईंच्या, कुनिझाबाईंच्या, हातात जायची, आणि त्या ती घेऊन दगडी जिन्याने वर जायच्या. खाली सगळे हात धुऊन गप्प बसायचे. वर खुर्ची सरकायची. मग चावणं सुरू व्हायचं. दालनाच्या लाकडी छताला मधोमध एक भोक होतं, कधीकाळी दिव्याची साखळी सोडायला पाडलेलं. त्यातून प्रत्येक घास स्पष्ट ऐकू यायचा, चरबीवरचा वेगळा, पावावरचा वेगळा. तीनदा ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणून व्हावं एवढ्या वेळाने परात खाली यायची आणि त्याच परातीत खालचे जेवायचे.

रिखेन्झाला या घरात येऊन आठच दिवस झाले होते. नव्या सुनेने काय विचारावं आणि काय विचारू नये हे आईने तिला पढवून पाठवलं होतं, पण हा प्रश्न त्यातल्या कुठल्या बाजूला पडतो ते आईलाही सांगता आलं नसतं.

“भाऊजी कधीच खाली येत नाहीत का?” तिने नवऱ्याला विचारलं.

“दादाला उजेड सोसत नाही,” लुइटोल्ड म्हणाला. “तापातून उठला तेव्हापासून. सहा हिवाळे झाले.”

“मग त्यांचं वेगळं ताट का नाही करत?”

“वेडी का काय तू? एक धूर, एक पाव! आम्ही दोघे भाऊ एका चुलीवरचं, एका पावाचं खातो तोवर सात गावं, जंगल, गिरणी, सगळं दोघांचं मिळून. उद्या एक गेला तर मागे राहील त्याचं. चूल वेगळी झाली की वाटणी झाली. आणि वाटणी झाल्यावर जो मरेल त्याचा हिस्सा सरळ बिशपच्या घशात. आलं लक्षात?”

लक्षात आलं. घशाखाली उतरत नव्हतं, एवढंच.

पाव खाली यायचा त्याला एक चावा घेतलेला असायचा, अर्धचंद्रासारखा, मध्ये एका दाताची फट. कडा ओल्या. सासूबाई कापायला सुरुवात करायच्या त्या नेमक्या त्या चाव्यापासून. पहिला काप लुइटोल्डला, दुसरा नव्या सुनेला. मान म्हणून.

२

परातीच्या आतून, काठाखाली बोटभर, एक रेघ कोरलेली होती. हेझिका पेज बरोबर रेघेपर्यंत भरायची. पाच बहिणींत वाढलेल्या मुलीला परातीतली पातळी बघायची सवय असते. रिखेन्झाने ती पहिल्याच दिवशी बघून ठेवली होती आणि विसरूनही गेली होती.

मग एका दुपारी परात खाली आली आणि रेघ दिसेना. पेज रेघेच्या वर होती.

वर कुणीतरी जेवलं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं. पावाचा चावा गेला होता, चरबीचे तुकडे अर्धे झाले होते. आणि पेज वाढली होती.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने सासूबाई वर जाताना त्यांच्या हाताकडे, कमरेकडे, बाह्यांकडे नीट बघून घेतलं. बरणी नाही, तांब्या नाही. उतरताना त्या परात जपून धरत होत्या, सांडेल म्हणून.

“वर पेजेत दूध-बीध घालता का, सासूबाई?”

“वर कुठलं आलंय दूध?” कुनिझाबाई म्हणाल्या. “तुझ्या माहेरी गाई माडीवर बांधतात का?”

लुइटोल्ड मनापासून हसला. रिखेन्झाने चमचा बुडवला. वर जाताना वाफाळणारी पेज आता अंगाइतकी कोमट होती. पृष्ठभागावर पातळ साय होती आणि कडेला बारीक बुडबुड्यांची माळ, लहान मूल फुंकतं तेव्हा जमते तशी. तिने घास तोंडात घेतला, जिभेवर धरला, आणि येशूच्या पाचही जखमांची आठवण काढत गिळला.

संध्याकाळी ती चुलीपाशी गेली. “हेझिका, तू परात भरतेस कितपत?”

“रेघेपर्यंत, वैनीबाई.”

“आणि परत येते ती?”

हेझिकाने राख ओढली, परत ओढली. “मी रेघेपर्यंत भरते. पुढचं मला विचारू नका. मी माझी इथं बसून भांड्याच्या बुडाचं खाते. आम्ही कुठे वारस? आमच्या घासाला कोण विचारतंय!”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट, कुणीतरी दैवाने वाचावं तसं समाधान होतं.

३

मायकेलमासला, सप्टेंबरअखेरच्या सणाला, बिशपचा कारभारी आला. गेरलाख त्याचं नाव. नाक लाल, सर्दीने बेजार, पण कामाला चोख. घोड्यावरून उतरायच्या आधी त्याने मान वर करून धुराडी मोजली.

“धूर एकच?”

“एकच,” लुइटोल्ड म्हणाला.

“छान. पाव?”

“जेवायलाच बसा ना.”

तो बसला. वर खुर्ची सरकली, चावणं सुरू झालं. गेरलाखने कान टवकारले आणि पसंतीची मान हलवली. “थोरल्यांचा जबडा मजबूत आहे हो! आमच्या बिशपना एवढा घास चावायचा तर दुपार पुरायची नाही.”

परात आली. पाहुणा म्हणून चाव्याच्या कडेचा काप त्याला मिळाला. त्याने तो पेजेत बुडवून मिटक्या मारत खाल्ला, बोटं चाटली आणि पुन्हा परात पुढे ओढली. रिखेन्झाने नजर टेबलाच्या फळीकडे वळवली. तिला तिसरा महिना होता आणि दुसऱ्याच्या तोंडातलं काहीही तिला बघवत नव्हतं.

“आणि समजा वाटणी झालीच,” तिने विचारलं, “तर ती कशी करतात?”

सासूबाईंचा चमचा थांबला. गेरलाखला मात्र कायद्याबद्दल कुणी विचारलं की सर्दीही आठवत नसे.

“सोपं आहे, बाईसाहेब. थोरल्याने वाटायचं, धाकट्याने निवडायचं. शेतं काय टेबलावर मावतात? मग प्रत्येक शेताचं एक ढेकूळ, जंगलाची एक डहाळी, गिरणीचा लाकडाचा एखादा तुकडा. दोन ढीग. धाकटा येतो, एक उचलतो, उरलेला थोरल्याचा, संपलं.”

“थोरल्याने लबाडी केली तर?”

“करेल कशी? हलकं-भारी केलं तर धाकटा भारी तेवढं उचलेल.” त्याने नाक पुसलं. “हां, धाकटा नेमकं काय उचलेल हे ज्याला आधीच ठाऊक, त्याची गोष्ट वेगळी.”

तो गेल्यावर रिखेन्झा कोठीत मसूर निवडत बसली आणि डोकं शांत ठेवून विचार करू लागली. थोरले केव्हाच मेले असतील, आणि सासूबाई वर बसून त्यांच्या नावाने जेवत असतील. पण सासूबाईंच्या तोंडात औषधालाही दात नव्हता. त्या पावाचा मऊ गर बोटाने कुस्करून खायच्या. शिवाय मेले असते तर लपवायचं कशाला? एकत्रातला भाऊ मेला तर सगळं लुइटोल्डचंच. उलट घंटा वाजवून सांगितलं असतं. म्हणजे वर कुणीतरी होतं, जिवंत होतं, आणि त्याला भूक होती. सरळ अर्थ होता. सरळ अर्थाने तिला मसुराचा प्रत्येक दाणा दोनदा धुवावासा वाटला.

४

तिला एक जागा होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिला घास घेण्याआधी, नवऱ्याने बायकोला काहीतरी कायमचं द्यायचं असतं. लुइटोल्डने तिला एर्लहोफ दिलं होतं: ओढ्याकाठचं जुनं शेतघर, चार गाईंपुरतं कुरण, एक चूल. भावाची संमतीही परातीबरोबर वरून आली होती. या घरात उपाशीपोटी मिळालेली तेवढी एकच गोष्ट, म्हणून ती तिला स्वच्छ वाटायची.

“मला बाळंतपणाला तिकडे जाऊ दे,” ती नवऱ्याला म्हणाली. “तू इथेच राहा. इथेच जेव.”

“आणि मूल?”

“मूल काय, माझंच पिणार.”

“किती दिवस? नंतर तिकडच्या चुलीवरचं खाईल. मूल माझा वारस, म्हणजे दुसरा धूर झाला.” तो समजावणीच्या सुरात बोलत होता, घोड्याच्या मानेवर थाप मारावी तसा तिच्या खांद्यावर थोपटत. “एवढं काय आहे गं त्या परातीत? आम्ही सगळे खातो. बघ, काय वाईट झालंय आमचं?”

हे मात्र खरं होतं. घरातल्या सगळ्यांची कातडी तुकतुकीत होती, गाल वर आलेले. फक्त दात टिकत नव्हते. मागच्याच आठवड्यात लुइटोल्डचा पुढचा एक दात चरबीच्या तुकड्याबरोबर बाहेर आला होता, आणि त्याच आठवड्यात पावावरच्या चाव्यातली मधली फट भरली होती. रिखेन्झाने या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, बघितल्या, आणि पुन्हा लांब केल्या.

सासूबाई उलट्यांवर खूश होत्या. “ओकतेस म्हणजे मुलगाच. आणि उष्टावण इथेच करायचं बरं! आधी परात वर जाईल, मग खाली आल्यावर मी माझ्या बोटाने चाटवणार. लुइटोल्डलाही असंच चाटवलं होतं.”

“तेव्हा वर कोण होतं?” रिखेन्झाने विचारलं.

कुनिझाबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि सुताचा गुंडा उचलला. “फार बोलतेस हल्ली.”

त्या दुपारी घंटा झाली, परात वर गेली, छतातून चावण्याचा आवाज आला, आणि रिखेन्झाच्या तोंडाला पाणी सुटलं.

ती तशीच उठून गोठ्यामागे गेली आणि घशात बोटं घातली. काही पडलं नाही. पोट ते सोडायला तयार नव्हतं.

५

सर्वसंतांच्या दिवशी सगळं घर चर्चला गेलं. मळमळतंय म्हणून रिखेन्झा मागे राहिली. घर रिकामं झाल्यावर ती जिना चढली. विचारलंच कुणी तर सासूबाईंची जपमाळ आणायला आले, असं सांगायचं ठरलं होतं. कोण विचारणार होतं, याचा विचार तिने केला नाही.

दार उघडं होतं. दोन्ही खिडक्याही सताड उघड्या, आणि भर दुपारचा उजेड खोलीभर पसरलेला. ज्याला उजेड सोसत नाही त्याची ही खोली. घरातली सगळ्यांत स्वच्छ खोली होती ती. जमिनीवर ताजं गवत अंथरलेलं, पाण्याचा घडा झाकलेला. वास तेवढा होता: तान्ह्या मुलाच्या मानेच्या वळीत दूध साचून आंबतं, तो.

खिडकीखाली दोन ढीग होते. मध्ये हातभर अंतर.

अर्धी मेणबत्ती इकडे, अर्धी तिकडे. टाचेपासून टोकापर्यंत उभा चिरलेला जोडा. सफरचंद. मधल्या दांडीतून नीट फाडलेलं हंसाचं पीस. एक मेलेली माशी, एकेका बाजूला एकेक पंख. रिखेन्झा वाकली. कापल्याच्या कडा सुरीच्या नव्हत्या. त्या ओल्या होत्या आणि बारीक दातेरी.

सहा वर्षं एकटा बसलेल्या माणसाला काहीतरी छंद लागायचाच, असं तिने स्वतःला सांगितलं. मग तिला उजव्या ढिगात पांढरं कापड दिसलं. तिने बाळासाठी शिवलेलं झबलं, चार दिवसांपूर्वी शिवणाच्या टोपलीतून गेलेलं. गळ्यापासून खालपर्यंत दुभंगलेलं. दुसरा भाग डाव्या ढिगात होता, घडी घालून.

पलंगाचा पडदा हलला.

फटीतून एक हात बाहेर आला. आकार पुरुषाचा, पण बोटांच्या सांध्यांवर उंचवट्यांऐवजी खळ्या होत्या, वर्षाच्या पोराला असतात तशा. नखं नव्हती, किंवा अजून यायची होती. हाताने अक्रोडाचा एक अर्धा उजवीकडे ठेवला, एक डावीकडे, आणि बोटाच्या टोकाने दोन्ही सरळ केले. प्रत्येक स्पर्शाची जागा चकाकत राहिली.

“सूनबाई,” पडद्याआडून आवाज आला, तोंडात घास असल्यासारखा. “बरोबर झालंय का गं?”

पळायला हवं होतं. पण पाच बहिणींची सवय. रिखेन्झाच्या डोळ्यांनी आपणहून मोजलं, आणि तिने स्वतःला म्हणताना ऐकलं, “डावा अर्धा मोठा आहे.”

“अगोबाई, खरंच की.” हात डावा अर्धा घेऊन आत गेला. एक बारीक कट्ट आवाज झाला. हात परत आला. “आता?”

जिना ती कशी उतरली ते तिला आठवत नव्हतं. हाताला काही लागलं नव्हतं, तरी तिने दोन्ही हात राखेने घासले, मग वाळूने, मग पुन्हा राखेने.

६

त्यानंतर तिला घरचा घास जाईना. पेज तोंडाशी आली की ती चमचा परत ठेवायची. सासूबाई म्हणाल्या, होतं असं. हेझिकाने मात्र एका सकाळी धुण्याच्या खोपटाचं दार उघडं ठेवलं आणि कढईखालची चूल साफ करून ठेवली.

एर्लहोफच्या कुळाने पोतंभर पीठ पाठवलं होतं. तिच्या जमिनीचं पीठ, तिच्या नावाचं. रिखेन्झाने मनाशी सगळं जुळवून पाहिलं. एका पावाचा नियम भावांना. सून वारस नाही. हेझिकासारखीच तीही कुणाच्या हिशेबात नाही. मूल अजून पोटात आहे आणि त्याला दात नाहीत. म्हणजे तिने एकटीने, खोपटात, आपल्या पिठाचे चार छोटे पाव भाजले तर त्याला वेगळी चूल कोण म्हणेल?

तिने चूल पेटवली. धुराडं नव्हतं, धूर छपराच्या गवतातून झिरपला. तापल्या दगडावर पीठ फुगलं, करपलं, आणि असा वास सुटला की तिला रडू आलं. पहिला पाव तिने उभ्यानेच खाल्ला. त्याला फक्त पावाची चव होती.

दुसरा तोडत असताना दारात अंधार झाला. लुइटोल्ड होता. सकाळपासून सीमेवरच्या खुणांचे दगड बघत हिंडला होता, बूट चिखलाने भरलेले.

“काय वास सुटलाय!” तो म्हणाला. “एवढ्या लांब येतोय.” आणि हात पुढे केला.

एका शब्दाचं काम होतं. ‘नको.’ किंवा ‘तू नाही.’ तिला तो शब्द ठाऊक होता, जिभेवरही आला होता. तो का थांबला, चुकून की जाणूनबुजून, हे तिला पुढे कधीच ठरवता आलं नाही. त्याने तिच्या हातातला तुकडा घेतला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावला.

“वा! असला पाव मी कधी—”

गढीच्या दालनातून काहीतरी ऐकू येत होतं आणि ते आता थांबलं, असं दोघांनाही त्याच क्षणी जाणवलं. दिवसभर, जेवण असो नसो, ते चावणं चालूच असायचं. सवयीने कानाला कळत नव्हतं इतकंच.

लुइटोल्डने घास तोंडात तसाच धरला. मग, जाऊ दे आता, असं काहीसं वाटून असेल, गिळला.

७

सकाळी दालनातल्या टेबलावर दोन ढीग होते.

कुनिझाबाई नेहमीच्या जागी बसल्या होत्या, हात मांडीवर. “थोरल्याने आपलं काम केलंय,” त्या म्हणाल्या. “आता धाकट्याने करायचं. सूर्य डोक्यावर यायच्या आत.”

डाव्या ढिगात सात ढेकळं होती, सात गावांची. त्यावर ओकची डहाळी, गिरणीच्या चाकाची ढलपी, गढीची किल्ली, लुइटोल्डच्या घोड्याच्या शेपटीचे केस, आणि सगळ्यांत वर सासूबाईंचा डोक्याचा रुमाल. त्यांच्या पांढऱ्या केसांवर आज काही नव्हतं. उजव्या ढिगात एकच हिरवं ढेकूळ होतं, ओढ्याकाठच्या गवतासकट. त्यावर रिखेन्झाची लग्नातली केसांची फीत. फितीला गाठ मारलेली होती आणि गाठीच्या आत आणखी एक छोटी गाठ.

सगळं किंचित ओलं होतं.

“ही काय वाटणी झाली?” रिखेन्झा म्हणाली. तिला हसू यायला लागलं होतं. “एकीकडे अख्खी जहागीर, आणि एकीकडे...”

पुढचं ती बोलली नाही, कारण तिला नवऱ्याचा चेहरा दिसला. आता तो उजवीकडचं ढेकूळ उचलेल, रागावून उचलेल, शिव्या देत उचलेल, याची ती वाट बघत होती. लुइटोल्ड डाव्या ढिगावर वाकला होता. त्याने एक ढेकूळ हातात घेतलं, अंगठ्याने फोडलं, वास घेतला. दुसरं घेतलं. काळ्या मातीचं कोणतं, वाळूचं कोणतं, हे तो बघत होता. सात ढेकळं, सातही. बोटं चिकट झाली ती त्याने अंगरख्याला पुसली आणि पुन्हा पुढचं घेतलं.

“लुइटोल्ड,” ती म्हणाली.

“थांब गं, बघू दे.”

“सगळी आहेत. मोजलीस ना?”

“मी म्हणतो, यात तुझ्यावर काही अन्याय नाही,” तो ढेकळांकडे बघत म्हणाला. “एर्लहोफ तुला हवंच होतं. वेगळी चूल हवी होती. तूच मागे लागली होतीस.” मग, काहीतरी चांगलं बोलावं म्हणून, “पाळणा-बिळणा लागला तर मागून घे. लाजू नकोस.”

सहा महिने तिने त्या माणसाच्या शेजारी झोप काढली होती. आता त्याच्या हनुवटीवरची पेजेची वाळलेली खपली, नीट न पुसलेली बोटं, मातीचा वास घेणाऱ्या नाकपुड्या, सगळं तिला एकदम दिसलं, आणि परातीपुढे कधी आली नव्हती एवढी शिसारी आली. वर बसून, त्या भोकातून, याचा प्रत्येक घास, प्रत्येक शब्द कुणीतरी सहा वर्षं ऐकत होतं. आणि त्याचं वजन करायला त्याला तराजूसुद्धा लागला नव्हता.

लुइटोल्डने डावा ढीग दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढला.

वर खुर्ची सरकली. पावलं जिन्याकडे आली. कुनिझाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं, लुइटोल्डनेही. स्वयंपाकघराच्या दारात हेझिकाने पदराने डोळे झाकले. रिखेन्झाने हिरवं ढेकूळ उचललं आणि पावलं शेवटच्या पायरीवर यायच्या आत बाहेरचा रस्ता धरला.

८

एर्लहोफ तासाभराच्या चालीवर होतं. ती मागे वळली नाही. मागचा चालणारा घाई करत नव्हता आणि मागेही पडत नव्हता. चिखलात त्याची पावलं पहिल्यांदा पचपच वाजत होती, चालायला शिकणाऱ्याची. ओढा येईपर्यंत ती चांगली खणखणीत पडायला लागली होती.

घर उघडं होतं. कूळ कधीच निघून गेलं होतं. कुणीतरी सांगून पाठवलं असावं. चुलीत लाकडं रचलेली होती. रिखेन्झाने चकमक झाडली. धूर धुराड्यातून सरळ वर गेला, निळा, स्वच्छ, कुणाच्याही धुरात न मिसळलेला. एवढ्यासाठीच तर सगळं होतं. तिने खिशातून कालचा पाव काढला आणि फळीवर ठेवला.

तो उंबऱ्यात बसला होता. उजेड त्याच्या पाठीशी होता, त्यामुळे तिला फक्त कडा दिसत होती: लुइटोल्डचेच खांदे, लुइटोल्डचीच मान, आणि जरा जास्त भरलेलं तोंड.

“छान आहे घर,” तो म्हणाला. आवाज आता साफ होता. “जमीन तुझी, चूल तुझी. मी आपला आश्रित. इथे थोरली तू, सूनबाई.”

तिने चुलीत एक लाकूड सरकवलं.

“म्हणजे इथे वाटायचं तू,” तो म्हणाला. “मी निवडणार.”

रिखेन्झाने सुरी घेतली. तिने मनगट फळीला टेकवलं, पावाचा मध्य डोळ्यांनी मोजला, पुन्हा मोजला, आणि कापला. जन्मात कधी तिने इतकं चोख कापलं नव्हतं. दोन्ही अर्धे तिने शेजारी ठेवले, पातळी बघितली, एका अर्ध्यावरचा चुरा बोटाने उचलून दुसऱ्यावर ठेवला, आणि दोन्ही त्याच्यापुढे सरकवले.

“घ्या,” ती म्हणाली. “कुठला हवा तो घ्या.”

तो पावाकडे बघत नव्हता. त्याची नजर तिच्या पोटावर होती.